बाळंतिणीच्या मनाचेही मोजमाप हवे



गरोदर बाई तपासणीला गेली की तिथे काय काय मोजतात, हे आता वस्तीतल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. काट्यावर वजन, हाताला पट्टा बांधून रक्तदाब, बोटाला टोचून हिमोग्लोबिन, लघवीतली साखर आणि प्रथिने, पोटाची उंची, बाळाचे ठोके. बाळंतपण झाले की बाळाचे वजन, बाळाचा ताप, बाळाच्या लसी. हे सगळे आकडे माता-बाल कार्डावर लिहिले जातात. आम्ही अशी हजारो कार्डे भरली आहेत. पण कार्ड भरताना आम्ही एक प्रश्न क्वचितच विचारला: बाई, तुझ्या मनाचे काय चालले आहे?

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आम्ही नर्सिंगच्या नोकरीत होतो तेव्हाचा. लसीकरणाचा दिवस होता. बाळ दीड महिन्याचे, दुसरी मुलगी. बाळाचे वजन वाढलेले नव्हते. आम्ही आईवर ओरडलो, "अगं, नीट पाजतेस की नाही? लक्ष कुठंय तुझं?" ती खाली मान घालून म्हणाली, "लक्षच लागत नाही सिस्टर. झोप उडालीय." आम्ही म्हटले, "बाळंतिणीला कुठली झोप?" बाकीच्या बायका हसल्या. आम्हीही हसलो. आठ-दहा दिवसांनी शेजारच्या बायकांनी तिला उचलून दवाखान्यात आणले. तिने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. शेजारणीचे वेळेवर लक्ष गेले म्हणून ती वाचली. बरी झाल्यावर एकदा भेटली तेव्हा तिने एवढेच सांगितले, "सिस्टर, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

लसीकरणाच्या त्या दिवशी तिच्या बाळाचे वजन आम्ही ग्रॅमपर्यंत बिनचूक लिहिले होते.

म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही मनाच्या मोजमापाचा धडा घेत आहोत. हे मोजमाप करता येते. त्याला यंत्र लागत नाही, सुई लागत नाही, पैसा लागत नाही. एक कागद लागतो, एकांत लागतो आणि ऐकून घेणारा माणूस लागतो.

हा आजार किती जणींना होतो?

बाळंतपणानंतरच्या नैराश्याविषयी भारतात झालेल्या ३८ अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध झाला. या अभ्यासांत वीस हजारांहून अधिक बायका होत्या. सरासरी निघाली २२ टक्के. म्हणजे साधारण पाच बाळंतिणींमागे एक. आपल्या गल्लीत वर्षाला दहा बाळंतपणे होत असतील, तर त्यातल्या दोघींना हा त्रास असण्याची शक्यता धरून चालले पाहिजे.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० मातांचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यात दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्यासारख्या होत्या. पहिली, नैराश्य आढळलेल्या मातांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक जणींना गरोदरपणातच मनाचा त्रास सुरू झालेला होता. दुसरी, निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. याचा अर्थ असा की "बाळंत झाली की आपोआप बरी होईल" किंवा "चार दिवसांनी ठीक होईल" असे म्हणत बसणे धोक्याचे आहे. प्रश्न गरोदरपणापासूनच विचारायला हवा.

कोणाला हा त्रास जास्त होतो, हेही त्या अभ्यासात दिसले. घरची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी ही कारणे त्यात होती. ही कारणे वाचल्यावर आपल्यापैकी कितीजणींना आपलेच घर आठवेल, हे आम्हाला सांगायची गरज नाही.

तीन वेगवेगळ्या गोष्टी

बाळंतिणीच्या मनाची दुखणी एकसारखी नसतात. त्यातला फरक समजून घ्या.

एक, बाळंतपणानंतरची हळवी अवस्था. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येते, चिडचिड होते, मन भरून येते. निम्म्याहून अधिक मातांना हे होते. बहुतेकींचे दोन आठवड्यांच्या आत ओसरते. त्याला आराम, धीर आणि घरच्यांची मदत पुरते.

दोन, नैराश्य. दोन आठवडे उलटले तरी मन उठत नाही. कशातच गोडी वाटत नाही. बाळाकडे पाहूनही काही वाटत नाही, किंवा बाळाचे काही वाईट होईल या धास्तीने जीव टांगणीला लागतो. आपण आई म्हणून नालायक आहोत असे वाटते. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत.

तीन, बाळंतपणानंतरचे वेड. हे हजारात एक-दोघींना होते, पण ते फार गंभीर असते. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच अचानक सुरू होते. झोप पार उडते, बाई असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी बाळाला मारणार आहे असे ठाम वाटते, कधी एकदम उत्साह तर कधी भ्रमिष्टपणा. यात प्रश्नावली भरत बसायचे नाही. बाई आणि बाळ दोघांनाही एकटे न सोडता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचे. १०८ ला फोन करायचा.

आपला आजचा धडा दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे नैराश्याच्या मोजमापाचा आहे.

दहा प्रश्नांची मोजपट्टी

जगभर यासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी मोजपट्टी आहे 'एडिनबरा प्रसवोत्तर नैराश्य श्रेणी'. जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी ती १९८७ साली ब्रिटनमध्ये तयार केली. आधी ती बाळंतिणींसाठी होती. पुढे गरोदर बायकांसाठीही तपासून वापरात आली. अनेक देशांत, अनेक भाषांत तिची रूपांतरे झाली. गोव्यातल्या अभ्यासात कोकणी रूपांतर वापरले होते.

वेगळी मोजपट्टी कशाला हवी, असे कोणी विचारेल. कारण असे की, नैराश्य मोजणाऱ्या इतर प्रश्नावल्यांत थकवा, झोप, भूक यांचे प्रश्न असतात. पण आठव्या महिन्यातली बाई थकणारच. रात्री चार वेळा पाजायला उठणाऱ्या बाईची झोप मोडणारच. हे गुण धरले तर चांगली बाईही आजारी ठरेल. आणि उलटेही होते. खरोखर आजारी असलेल्या बाईला "बाळंतपणात असंच असतं" म्हणून घरी पाठवले जाते. आम्ही हीच चूक केली होती. या दहा प्रश्नांत शरीराच्या तक्रारी जवळजवळ वगळल्या आहेत. झोपेचा एकच प्रश्न आहे, आणि तो असा की मन दुःखी असल्यामुळे झोप लागत नाही का. बाळ झोपले आहे, घर शांत आहे, तरी डोळ्याला डोळा लागत नाही, असे असेल तर ते बाळामुळे नाही, मनामुळे आहे.

हे प्रश्न साधारण कशाविषयी आहेत, ते आमच्या शब्दांत सांगतो.

१. गमतीच्या गोष्टीत गंमत वाटते का, हसू येते का.
२. पुढच्या दिवसांची ओढ वाटते का.
३. काही बिघडले की विनाकारण स्वतःलाच दोष देता का.
४. कारण नसताना काळजी लागते का.
५. कारण नसताना भीती वाटते, धास्तावल्यासारखे होते का.
६. गोष्टी अंगावर येतात, झेपेनाशा होतात का.
७. दुःखामुळे झोप लागणे अवघड होते का.
८. उदास वाटते का.
९. दुःखाने रडू येते का.
१०. स्वतःला काही इजा करून घ्यावी असा विचार येतो का.

हे सगळे विचारायचे ते गेल्या ७ दिवसांविषयी. मागच्या वर्षाचे नाही, लग्नापासूनचे नाही. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरे दिलेली असतात आणि त्यांना ० ते ३ गुण असतात. त्रास नाही तर ०, सर्वांत जास्त त्रास तर ३. दहा प्रश्नांचे मिळून जास्तीत जास्त ३० गुण होतात. एक काळजी घ्या. छापील फॉर्मवर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाची उत्तरे ० कडून ३ कडे जातात, बाकीच्या सात प्रश्नांची ३ कडून ० कडे. घाईत सरळ बेरीज केली की आकडा उलटापालटा होतो.

वर दिलेली यादी म्हणजे फॉर्म नव्हे. फॉर्म डॉक्टर, समुपदेशक किंवा आरोग्य केंद्राकडूनच घ्यावा. आपल्या मनाने भाषांतर करून गुण देऊ नयेत, कारण शब्द बदलला की उत्तर बदलते.

बेरीज कशी वाचायची?

९ किंवा त्याहून कमी: सध्या नैराश्याची शक्यता कमी. पण त्रास वाटत असेल तर बोलायचेच, आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारायचे.

१० ते १२: लक्ष ठेवायचे. बाईशी बोलायचे, घरची मदत वाढवायची, दोन आठवड्यांच्या आत पुन्हा मोजायचे. तेव्हाही तेवढाच किंवा जास्त आकडा आला तर डॉक्टरांकडे.

१३ किंवा त्याहून जास्त: नैराश्य असण्याची बरीच शक्यता. डॉक्टरांची भेट ठरवायची आणि सोबत कोणीतरी जायचे.

दहावा प्रश्न: याचा हिशेब वेगळा. एकूण बेरीज कितीही असो, दहाव्या प्रश्नाला शून्याशिवाय दुसरे उत्तर आले तर त्याच दिवशी हालचाल करायची.

दोन उदाहरणे घेऊ. एका बाईचे गुण असे आले: २, २, ३, १, २, २, १, २, २, ०. बेरीज १७. तिला डॉक्टरांकडे न्यायचे, हे उघड आहे. दुसरीचे गुण: ०, १, १, १, १, १, ०, १, ०, २. बेरीज फक्त ८. वरवर पाहणारा म्हणेल, ठीक आहे. पण दहाव्या प्रश्नाला २ आहेत. म्हणजे जीव नकोसा झाल्याचे ती आपल्याला सांगते आहे. आपल्या दृष्टीने ही दुसरी बाई जास्त तातडीची आहे. तिला एकटी सोडायचे नाही.

पुष्कळांना वाटते, जीव देण्याविषयी विचारले तर नसलेला विचार डोक्यात येईल. तसे होत नाही. विचारल्याने बाईला हलके वाटते. तिचे ओझे दुसऱ्या कोणाला तरी कळते.

आणखी एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा. ही चाळणी आहे, निदान नव्हे. चाळणीत राहिलेला प्रत्येक खडा खडा नसतो, तशी जास्त गुण आलेली प्रत्येक बाई आजारी नसते. आजार आहे की नाही हे डॉक्टरच ठरवतील. शिवाय डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासायला हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त कमी असले किंवा थायरॉइड बिघडले तरी गळून गेल्यासारखे होते, मन लागत नाही. त्यावरचा उपचार वेगळा असतो.

विचारायचे कसे?

प्रश्न बरोबर असून चुकीच्या ठिकाणी विचारला तर उत्तर खोटे मिळते. सासू शेजारी बसलेली असताना सुनेला विचारले, "तुला उदास वाटतं का गं?" तर ती काय सांगणार? नवरा दारात उभा असताना काय सांगणार? म्हणून पहिला नियम: बाई आणि विचारणारी, दोघीच. "जरा टाके बघते" किंवा "बाळाला कसं धरायचं ते दाखवते" म्हणून आत जावे. आशाताईंना हे बरोबर जमते.

दुसरा नियम: वाचता येत नसेल तर प्रश्न आणि चारही उत्तरे वाचून दाखवावीत, पण उत्तर सुचवू नये. "तसं काही नाही ना तुला?" असे विचारले की "नाही" हेच उत्तर येते.

तिसरा नियम: बाईची भाषा ओळखावी. आपल्या बायका "मला नैराश्य आलंय" असे म्हणत नाहीत. त्या म्हणतात, जीव घाबरा होतो, हातपाय गळाल्यासारखे झालेत, डोकं जड पडलंय, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही, जिवाचा कंटाळा आला. असे काही ऐकले की गोळी सांगून मोकळे होऊ नये. तिथेच बसावे आणि पुढे विचारावे.

चौथा नियम: गुप्तता. आलेला आकडा ही त्या बाईची गोष्ट आहे. ती व्हॉट्सअॅपच्या गटावर जात नाही, नळावर जात नाही, तिच्या परवानगीशिवाय सासरीही जात नाही. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र विश्वासातल्या एका माणसाला सांगावेच लागते, आणि तसे सांगणार आहोत हे तिलाही सांगावे.

विचारायचे कधी?

यासाठी वेगळा दिवस काढायला नको. गरोदरपणात निदान एकदा विचारावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तेव्हा विचारता येईल. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळाच्या लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात. दीड महिन्याची लस हा आईला विचारण्याचा उत्तम दिवस आहे. हळवी अवस्था तोवर ओसरलेली असते. जे उरलेले असते त्याकडे गंभीरपणे पाहायचे. बाळाच्या मांडीत सुई गेली की आईच्या मनाचे विचारायचे, असा आपण रिवाजच पाडू.

घरच्यांसाठी याहून छोटी पट्टी आहे, दोन प्रश्नांची. गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा एरवी आवडणाऱ्या गोष्टीत गोडी वाटेनाशी झाली का? मन उदास, निराश राहते का? प्रत्येकाला अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून अधिक दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्ही मिळून ३ किंवा जास्त झाले तर दहा प्रश्नांचा पूर्ण फॉर्म भरून घ्यायचा. हे दोन प्रश्न नवराही विचारू शकतो, आईही, नणंदही.

आकडा जास्त आला, पुढे काय?

मोजले आणि सोडून दिले, तर न मोजलेलेच बरे. म्हणून पुढची वाट माहीत असायला हवी.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नागरी आरोग्य केंद्रातले डॉक्टर. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. घरातून निघणे शक्य नसेल तर टेलिमानस, क्रमांक १४४१६. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते.

सौम्य आणि मध्यम त्रासात बोलण्याचा उपचार चांगला लागू पडतो. पाकिस्तानातल्या रावळपिंडी भागात डॉ. आतिफ रहमान यांनी गावोगावच्या आरोग्य सेविकांना असे बोलणे शिकवले. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी, नेहमीच्या भेटी मिळालेल्या मातांपैकी ५३ टक्के अजून नैराश्यात होत्या, तर शिकलेल्या सेविकांच्या भेटी मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के. पुढे हाच कार्यक्रम गोव्यात वस्तीतल्या सामान्य बायकांना शिकवून २८० गरोदर बायकांमध्ये तपासला गेला. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, मदत मिळालेल्या गटात पूर्ण बऱ्या झालेल्यांचे प्रमाण जास्त होते. म्हणजे हे काम फक्त मोठ्या डिग्रीवाल्यांचे नाही. शिकवले तर शेजारीण करू शकते.

त्रास जास्त असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशा गोळ्या आहेत. "दूध पाजतेय म्हणून औषध नको" असे परस्पर ठरवू नका. सुरू झालेली गोळी मनाने बंद करू नका. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात.

घरच्यांनी काय करायचे? बाळंतिणीला दिवस-रात्रीत सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी पाळी लावा. तेवढा वेळ बाळ नवऱ्याने किंवा सासूने सांभाळावे. ताजे, पोटभर जेवण तिला आधी वाढा. बाळाच्या रंगावर, मुलगी झाल्यावर, दूध कमी असल्यावर एक शब्द बोलू नका. पैशाची ओढ असेल तर प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचा अर्ज भरलाय का ते पाहा. पहिल्या अपत्याला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात.

आणि घरात मारहाण असेल तर? मग फक्त गोळीने काय होणार? मार खाणाऱ्या बाईच्या मनाला आलेला आजार मार थांबल्याशिवाय बरा होत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे. आकडा बाईचा असतो, कारण पुष्कळदा घराचे असते. दवाखान्यात, कामावर, पाण्याच्या रांगेत जात काढून केलेला अपमानही त्या आकड्यात असतो. म्हणून आकडा पाहून बाईलाच कमकुवत ठरवायचे नाही.

काहीजणी विचारतात, मनाच्या डॉक्टरकडे गेले तर मूल काढून घेतील का? सोडचिठ्ठी देतील का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. आणि दवाखान्यात भरती असलेल्या आईपासून तिचे तीन वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे वेगळे करू नये, असेही त्यात म्हटले आहे. भीतीपोटी उपचार टाळू नका.

आता थोडे आपल्या घरातले

१४ ऑक्टोबर १९५६ ला आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. तरी बाळंतीण गप्प बसली, बाळाला जवळ घेईना, की "बाहेरचं झालंय" म्हणणारी माणसे आपल्याही वस्त्यांत आहेत. विहारात त्रिशरण म्हणायचे आणि अंधारात भगताकडे जायचे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. अंगारा आणि उतारा यांत जे चार आठवडे जातात, ते त्या बाईचे आणि बाळाचे मोलाचे आठवडे असतात.

दुसरी गोष्ट जरा जड आहे, पण बोलणार आहोत. रमाईंची पाच लेकरे, त्यातली चार गेली. राजरत्न १९२६ साली गेला. त्या माउलीने जे सोसले त्याला तोड नाही आणि त्यापुढे आपण नतमस्तक आहोत. पण हेच उदाहरण रडणाऱ्या सुनेच्या तोंडावर फेकले जाते: "रमाईंनी एवढं सोसलं, तुला काय झालंय?" हे बरोबर नाही. रमाईंनी सोसले, कारण सोसण्याशिवाय त्यांना दुसरी वाट कोणी ठेवली नव्हती. आज वाट आहे. रमाईंचे नाव घेऊन आजच्या लेकीला गप्प बसवणे हा रमाईंचा मान नव्हे. जे त्यांना मिळाले नाही ते या लेकीला मिळवून देणे, हा मान.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. बाळंतीण हा एका घराचा खासगी प्रश्न नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले.

आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी किसागोतमीची कथा दिली आहे. मेलेले लेकरू कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरत होती. लोक तिला वेडी समजले. तथागतांनी तिला हाकलले नाही, रागावले नाहीत, गंडा-दोरा दिला नाही. तिचे ऐकले, आणि घराघरांत जाऊन तिलाच माणसांशी बोलायला लावले. दुःख नाकारायचे नाही, त्याचे कारण शोधायचे आणि त्याच्या निवारणाच्या वाटेला लागायचे, हीच तर आपली शिकवण. दहा प्रश्नांचा कागद त्या वाटेचे पहिले पाऊल आहे. आधी दुःख आहे हे कळले पाहिजे.

विहाराने काय करावे?

प्रत्येक विहाराच्या महिला मंडळाने तीन कामे करावीत, अशी आमची विनंती आहे. पहिले, वस्तीतल्या गरोदर आणि वर्षाच्या आत बाळंत झालेल्या बायकांची यादी आशाताईंच्या मदतीने करावी. दुसरे, पोटात गोष्ट राखू शकतील अशा दोघी निवडून त्यांना आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून हा फॉर्म विचारायला शिकवून घ्यावे. तिसरे, जिचा आकडा जास्त येईल तिच्यासोबत दवाखान्यात जायला एक बाई आणि रिक्षाचे भाडे, एवढी सोय मंडळाच्या खर्चातून ठेवावी. विहाराच्या फळ्यावर १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहावा.

आणि हे पान वाचणाऱ्या प्रत्येकाने एक काम करावे. या आठवड्यात आपल्या ओळखीतल्या एखाद्या बाळंतिणीला भेटायला जा. बाळाला पाहाल, टोपडे द्याल, ते द्याच. पण निघण्याआधी बाकीच्यांना जरा बाहेर पाठवा, तिच्याजवळ बसा आणि विचारा, "बाळ छान आहे. तू कशी आहेस?" आणि ती बोलायला लागली की मध्ये बोलू नका.

जयभीम. नमो बुद्धाय.